उजवा डोळा अजून बाकी

पहाटे पाच-चाळीस. कोचेव्येच्या रानात
बुकेवची झाडं अजून ओली,
आणि ऊन डोंगरापलीकडे
बूट घालतंय.

मी आधीच जागा धरून बसलेली, उताराच्या खालच्या अंगाला.
ट्रायपॉडचा एक पाय दगडावर, एक शेवाळात,
तिसऱ्याला रोज नवी खोड सुचते.
टोपीने भिंगावर सावली धरायची,
सूर्य एका जाड बुंध्याआड लपवायचा,
आणि वाट बघायची.
यात कसब फारसं नाही. गुडघे लागतात.

मग तो येतो, पानांच्या पाठीमागून,
आणि आतापर्यंत नुसती फांदी होती
तिचं आतलं सगळं दिसायला लागतं:
मधली शीर, तिला फुटलेल्या उपशिरा,
कडेची रेशमी लव,
भुंग्याने टोचलेली बारीक भोकं,
आणि एका पानामागे बसलेल्या किड्याची सावली.
किडा काही मला दिसला नाही शेवटपर्यंत.

सतरा फोटो. अठराव्याला वारा.
त्यानंतर रान पुन्हा आपलं हिरवं.

रात्री स्वयंपाकघरात, भांडी सिंकमध्ये तशीच,
मी फाइल उघडते आणि हिरमुसते.
कॅमेऱ्याने इमानाने हिशेब दिलाय:
आभाळाच्या फटी जळून पांढऱ्याफटक,
बुंधे डांबरासारखे,
आणि मधली पानं, उकडलेला पालक.
उजेड थोडा खाली ओढते.
सावल्यांना थोडा धीर देते,
पण एका कोपऱ्यात काळं काळंच ठेवते,
नाहीतर उजेडाला टेकायला भिंत उरत नाही.
डावीकडची मोडकी डहाळी कापते. परत आणते. कापते.
मग ते रंगाचं माप, निळ्याकडून पिवळ्याकडे.
थोडं. अजून थोडं.
मिठाला थांबणारं बोट इथे थांबत नाही.
पानाचा मध होतो.
हीच ती पहाट, मी स्वतःला सांगते, अगदी हीच.

सासरे पाणी प्यायला उठलेले. विल्को.
एकेचाळीस वर्षं वनखात्यात,
झाडांवर रंगाचे पट्टे मारत फिरले,
कोणतं राहील, कोणतं पडेल.
माझ्या मागे येऊन उभे राहतात.
डावा डोळा मार्चमध्ये झाला, मोतीबिंदू निघाला;
उजव्याची तारीख सप्टेंबरची.

तळहात उजव्या डोळ्यावर. बघतात.
तळहात डाव्या डोळ्यावर. बघतात.
"याने बरोबर दिसतंय," म्हणतात,
"खराब आहे त्याने."

मी हसते. ते हसत नाहीत.
"दहा-बारा वर्षं मी रान असंच बघितलं.
असंच सोन्याचं. मला वाटायचं,
वयामुळे जरा माया वाढली असेल.
मग पट्टी काढली, आणि इस्पितळाच्या खिडकीतली बुकेव
निळसर. गार. कोवळी.
नोकरीला लागलो त्या मे महिन्यातली.
रडलो मी. नर्सला वाटलं, औषध झोंबतंय."

ग्लास टेबलावर ठेवून ते झोपायला जातात.
लाकडावर एक ओला गोल.

मी माप मागे आणते.
मध ओसरतो. भोकं पुन्हा भोकं दिसायला लागतात,
आणि बोटांना आठवतं,
पहाटे हातमोजे घरीच राहिले होते.

पण आधीची प्रत पुसत नाही.
दोन्ही फाइली शेजारी-शेजारी ठेवते
आणि नावं देते: डावा, उजवा.

सप्टेंबरात उजवाही निळा होईल.
मग ते सोन्याचं रान कुठेच उरणार नाही
या चोवीस मेगाबाइटांखेरीज.

भांडी उद्या घासेन.
परत आल्यावर.